सल्ला हवा आहे: रात्रीच्या एका तासात खेळता येतील आणि खंड पडला तरी पुन्हा धरता येतील असे गेम

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय त्रेचाळीस, मुक्काम सांगली, आणि खेळायला मिळणारा वेळ म्हणजे मुलांची दप्तरे भरून झाल्यावर रात्री साडेदहा ते साडेअकरा, तोही आठवड्यातून तीन-चार वेळाच. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'रोड रॅश' खेळलेल्या पिढीतला मी. मधली वीस वर्षे नोकरी आणि संसारात गेली. गेल्या वर्षी भाच्याने नवा कंट्रोलर घेतला, त्याचा जुना माझ्याकडे आला आणि हा छंद पुन्हा सुरू झाला.

भाच्याच्याच सांगण्यावरून मी सेलमध्ये एक नावाजलेला, शंभर तासांचा म्हणून ओळखला जाणारा गेम घेतला. लॅपटॉप पाच वर्षांचा असून त्यातले ग्राफिक्स कार्ड साधे आहे, त्यामुळे सगळ्या सेटिंग खाली आणून तो कसाबसा चालला. पण अडचण ती नव्हती. पहिला आठवडा छान गेला, मग मार्चअखेरीची कामे अंगावर आली, आणि बारा दिवसांनी परत गेलो तेव्हा मी एका कड्यावर पावसात उभा होतो. हातात कोणते शस्त्र आहे, उडी कोणत्या बटणाने मारतात, कोणाचे कोणते काम करायचे कबूल केले होते, यातले काहीही आठवेना. तो तास बटणे शिकण्यात गेला. पुढच्या खंडानंतर पुन्हा तेच झाले, आणि मग मी त्या गेमचे नाव काढले नाही.

म्हणून विनंती अशी, की अलीकडे जे स्वतः खेळला आहात तेच सांगावे. परीक्षणांत त्याला किती गुण मिळाले हे मला नको. मध्ये आठ-दहा दिवस गेल्यावर तो गेम तुम्हाला जिथे सोडला तिथून धरता आला का, एवढे प्रामाणिकपणे लिहावे. गोळीबाराचे गेम नकोत आणि अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळायचे नाही. इंग्रजी वाचायला मात्र हरकत नाही.

खडूफळा

कृष्णाकाठ दादा, माझे उत्तर 'चँट्स ऑफ सेनार' हे आहे. २०२३ साली आलेला हा गेम रनडिस्क नावाच्या छोट्या फ्रेंच संस्थेने केला आहे. मी तो मे महिन्याच्या सुट्टीत सुरू केला आणि शाळा उघडल्यावर तुकड्यातुकड्याने संपवला, म्हणजे तुमच्या अटीची परीक्षा आपोआपच झाली.

एक अवाढव्य मनोरा आहे. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा समाज राहतो, प्रत्येकाची लिपी निराळी आहे आणि एकाचे दुसऱ्याला कळत नाही. आपण तळापासून वर चढत जायचे, आणि पाट्या, भिंतीवरची चित्रे, दारे उघडणारे खटके, माणसांचे हातवारे यांवरून एकेका चिन्हाचा अर्थ ताडायचा. ताडलेला अर्थ आपल्या शब्दांत टंकून ठेवता येतो (मी रोमन अक्षरांत सरळ मराठीच लिहीत गेले). पुरेशी चिन्हे भेटली की वहीत चित्रांचे एक पान उघडते, आणि त्या पानावरच्या प्रत्येक चित्रासमोर योग्य चिन्ह बसले तरच सगळे अर्थ पक्के होतात. एखादे जरी चुकले असेल तरी पान गप्प राहते, त्यामुळे ठोकताळ्यांनी फार पुढे जाता येत नाही.

मी सतरा-अठरा वर्षे भाषा शिकवते आहे, तरी शब्दाचा अर्थ कळण्याच्या आधीचा तो अंधूक क्षण इतका स्पष्ट मला क्वचितच अनुभवता आला होता. सर्वांत खालच्या लोकांच्या भाषेत अनेकवचन करायचे तर तेच चिन्ह दोनदा लिहितात; 'दारोदार', 'घरोघर' म्हणणाऱ्या माणसाला हे पटकन उमजते. वर गेल्यावर ज्यांची वाक्ये कर्मापासून सुरू होतात असे लोक भेटतात. तिथे इंग्रजी वाक्यांच्या साच्यातून विचार करणारा माझा मुलगा अडखळला आणि मी मात्र सहज पुढे गेले, कारण 'भाकऱ्या मी करते, भाजी तू बघ' असे आपण रोजच बोलतो.

खंडाबद्दल सांगायचे तर वही तुमच्या वतीने सगळे सांभाळते. पाटीसमोर उभे राहिले की तुम्ही ठरवलेले अर्थ चिन्हांच्या वर दिसतात, त्यामुळे दहा दिवसांनी परतल्यावर मला पाच मिनिटे पुरली. दोष एकच, पण तो आहे: पहारेकऱ्यांची नजर चुकवून आडोशाआडोशाने सरकण्याचे काही प्रसंग मध्येच घातले आहेत. ते अवघड नाहीत, निव्वळ कंटाळवाणे आहेत, आणि भाषेच्या या गेममध्ये त्यांचे काय काम होते हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

अर्धी चाळ

वरचा सल्ला चांगला आहे, पण दिवसभर आकडेमोड करून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा डोके चालवायचे नसेल तर काय, हाही विचार करायला हवा. मी 'हेडिस' सुचवीन. सुपरजायंट गेम्सचा हा गेम २०२० चा आहे. मी तो उशिरा, गेल्या पावसाळ्यात खेळलो. ग्रीक पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रिअस बापाच्या घरातून पळून जाऊ पाहतो, वाटेत मरतो आणि पुन्हा घराच्याच दारात येऊन उभा राहतो. प्रत्येक मरणानंतर घरातली मंडळी त्याच्याशी काहीतरी नवे बोलतात, बाप तिरकस शेरे मारतो, आणि अशा संभाषणांतून कथा पुढे सरकते. मेल्यामुळे कथा पुढे जाते, ही कल्पनाच अशी आहे की हरल्याचा राग फार वेळ टिकत नाही.

एक फेरी साधारण अर्ध्या तासाची असते आणि मध्येच बंद केले तर त्याच दालनापासून पुढे सुरू होते. लक्षात ठेवायचे फारसे काही नसते, कारण प्रत्येक फेरीत देवांची वरदाने नव्याने निवडायची असतात. बटणांचा सराव मात्र जातो, तो एका फेरीत परत येतो. आपल्या वयाच्या लोकांसाठी त्यात 'गॉड मोड' नावाची सोय आहे: चालू करताच अंगावर येणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि पुढे दर मरणाला आणखी २ टक्के सूट मिळत ८० टक्क्यांपर्यंत जाते. मी ती एकोणिसाव्या मरणानंतर चालू केली आणि पहिल्याच दिवशी का केली नाही याची हळहळ वाटली. दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आहे, पण सुरुवात पहिल्यानेच करावी.

मी पुण्याचा, त्यामुळे 'राजी'बद्दल कोणी विचारण्याआधीच लिहून टाकतो. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला गेम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे निधी मागितला होता आणि तो ठरलेल्या रकमेपर्यंत पोचला नव्हता. तरी त्यांनी तडीस नेला, याचे कौतुक आहेच. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, तिची गोष्ट एकमेकांशी बोलत सांगणारे दुर्गा आणि विष्णू, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेले, आणि राजस्थानी वाड्यांचे जाळीदार सज्जे. डोळ्यांचे पारणे फिटते, यात शंका नाही.

पण इथे खेळाविषयी मत मागितले आहे, अभिमानाविषयी नाही. कॅमेरा आपल्या हातात नसल्याने उडी नेमकी कुठे पडणार याचा अंदाज पुष्कळदा चुकतो, त्रिशुळाची लढाई दिसते छान पण मार बसल्यासारखा वाटत नाही, आणि शेवट तर असा तुटतो की मला वाटले माझीच फाइल बिघडली. पाच-सहा तासांचाच आहे आणि सरळ रेषेत चालतो, म्हणून खंडाची भीती नाही. सेलमध्ये मिळाला तर जरूर घ्यावा, पूर्ण किमतीला घ्यावा असे मी म्हणणार नाही.

मेपलपान

मी सध्या टोरांटोच्या परिसरात राहते आणि खेळते फारच कमी, पण एका गेमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'वेन्बा'. जुलै २०२३ मध्ये आला, टोरांटोच्याच विसाई गेम्सने केला. १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात आलेले एक जोडपे, त्यांना इथे झालेला मुलगा, आणि आईने दिलेली पाककृतींची एक फाटकी, डाग पडलेली वही. वहीतल्या ओळी पुसल्या गेल्या आहेत, काही ठिकाणी कागदच गेला आहे, आणि उरलेल्या शब्दांवरून पदार्थ कसा करायचा हे आपण ओळखायचे. पहिला पदार्थ इडली. पात्रातल्या ताटल्या एकावर एक ठेवताना वाफ वरपर्यंत पोचेल अशा रचायच्या, हे कोडे माझ्या सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून बघून एका क्षणात सोडवले आणि 'यात कोडे कसले?' असे मलाच विचारले.

जेमतेम दीड तासाचा गेम आहे. मुलगा मोठा होतो, इंग्रजीत उत्तरे देऊ लागतो, डब्यातल्या जेवणाची त्याला लाज वाटू लागते. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे मला तटस्थपणे मत देणे शक्य नाही. एवढे मात्र सांगते, की यात चुकले तरी शिक्षा नाही, घाई नाही, आणि पदार्थ बिघडला तर पुन्हा करता येतो. खंडाचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, दोन रात्रींत संपेल.

अर्धी चाळ

मेपलपान ताई, मीही तो खेळलो आहे आणि आवडला, पण दीड तासासाठी ती किंमत मला जास्त वाटली. स्वयंपाकाची कोडी मोजकीच आहेत आणि हात बसतो न बसतो तोच गेम संपतो.

मेपलपान

नाटकाचे तिकीट काढताना आपण तासाचा भाव काढत नाही, मग इथेच का काढायचा, असे मला वाटते. कोडी आणखी हवी होती हे मात्र मान्य आहे. त्यातली पुट्टूची कृती तर मी नंतर घरी करून पाहिली.

बांधावरून

मी निफाडजवळचा. घरची शेती आहे आणि मी रात्री 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो, यावर घरात पुरेशी चेष्टा झालेली आहे, तेव्हा इथे आणखी नको.

एरिक बरोन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षे खपून हा गेम केला आणि तो २०१६ मध्ये आला. त्यात भर मात्र अजूनही पडत असते, २०२४ च्या मार्चमध्येही मोठी भर पडली. आजोबांनी ठेवलेले पडीक रान साफ करायचे, बी पेरायचे, पाणी घालायचे, गावकऱ्यांशी ओळखी वाढवायच्या. खेळातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो आणि संगणकावर दिवस संपवून झोपल्याखेरीज सेव्ह होत नाही, म्हणजे तुमच्या तासात चार दिवस बसतात. खंड पडला तरी चालते, कारण रान समोर दिसत असते आणि काय करायचे ते रानच सांगते. महिना २८ दिवसांचा असून तो संपला की हंगाम बदलतो आणि उभे पीक वाळून जाते, एवढे लक्षात ठेवायचे. माझी पहिल्या वर्षीची फुलकोबी त्यातच गेली.

शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा गेम म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन आहे. टीव्हीवर उद्याचे हवामान सांगतात आणि ते खरे ठरते. वर्षभर भाव तोच, आडत नाही, हमाली नाही, आणि माल रात्री पेटीत टाकला की सकाळी पैसे हातात. लासलगावला कांदा नेणाऱ्या माणसाला हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. पण दिवसभर भावाच्या चिंतेत घालवल्यावर भाव कधीच न पडणाऱ्या गावात तासभर फिरून येण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

एक धोक्याची सूचनाही देतो. कोणी 'बलात्रो' सुचवले तर घड्याळ समोर ठेवून बसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा पत्त्यांचा गेम लोकलथंक या टोपणनावाच्या एका कॅनेडियन माणसाने केला आहे. पोकरच्या जोड्या लावून गुण करायचे, आणि १५० प्रकारच्या जोकरांतून मिळतील ते विकत घेऊन त्या गुणांचे गुणाकार वाढवत न्यायचे. खरा पैसा यात कुठेही लागत नाही, तेव्हा घरच्यांना तशी शंका आली तर खुशाल दाखवा. पोकर येत नसले तरी रमीत सिक्वेन्स लावता येणाऱ्याला अर्ध्या तासात जमते. तुमच्या अटीत तो शंभर टक्के बसतो, कारण आठवायचे काहीच नसते आणि फोनवरही चालतो. अडचण इतकीच, की साडेअकराला थांबता येत नाही. मी एकदा दोन वाजता थांबलो आणि साडेपाचला मोटर चालू करायला उठलो.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. कृष्णाकाठ साहेब, मी सुचवतो तो गेम तुमच्या अटीत बसत नाही आणि तरीही मी तो सुचवणार आहे.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकास पोप याने केलेला, २०१८ चा. ओब्रा डिन हे व्यापारी गलबत १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघते, आफ्रिकेच्या टोकाशी ठरलेल्या ठिकाणी पोचत नाही, बुडाले असे जाहीर होते, आणि १८०७ च्या ऑक्टोबरात एका सकाळी फाटक्या शिडांनिशी फाल्मथ बंदरात वाहत येते. आत कोणीही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक घड्याळ असते, ते मृताच्या अवशेषांजवळ उघडले की त्याच्या मरणाआधीचे चार शब्द ऐकू येतात आणि मग मरणाचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो, ज्यात आपण हिंडू शकतो. गलबतावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे काय झाले, हे वहीत भरायचे. तिघांची माहिती पूर्ण बरोबर आली की वही ती तिघे पक्की करते, त्यामुळे अंदाजपंचे फार काळ चालत नाही. सगळे चित्रण दोनच छटांत, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखे ठिपक्यांचे आहे, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपला काहीही जड जाणार नाही.

खलाशांच्या यादीत इंग्रज आहेत तसे चिनी, रशियन आणि हिंदुस्थानीही आहेत. माझे आजोबा बोटीवर होते, आमच्या आळीतल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी बोटीवर होतेच, आणि कंपनीच्या कागदावर अशा माणसाचे नाव, हुद्दा आणि मुलूख एवढेच उरते हे मला नवे नव्हते. या गेममध्ये त्या एका ओळीमागचा माणूस शोधून काढायचा असतो: तो कुठे झोपतो, कोणाच्या शेजारी बसून जेवतो, पायांत काय घालतो, कोणत्या बोलीत ओरडतो. एका खलाशाला मी नुसत्या त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखले, आणि त्या रात्री मला गेम जिंकल्यासारखे वाटले नाही, एखाद्या विसरलेल्या माणसाला हाक मारल्यासारखे वाटले.

आता अडचण. पाहिलेले प्रसंग वही सांभाळते, पण तुमचा तर्क सांभाळत नाही. 'हा पाठमोरा माणूस बहुधा सुताराचा मदतनीस असावा' असा संशय मनात असतो, तो चार दिवसांत उडून जातो. मी मध्ये दोन आठवडे सोडला आणि परतलो तेव्हा मला निम्मे प्रसंग नव्याने पाहावे लागले. म्हणून हा गेम रोजच्या तासाभरात खेळू नये. दिवाळीच्या सुट्टीत, सलग चार दुपारी, शेजारी साधी कागदी वही घेऊन खेळावा. आणि दुसऱ्यांदा खेळता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उत्तरे एकदा कळली की कळली.

मोठा पसारा

सर्वांचे सल्ले वाचले, पण मूळ तक्रारीशीच माझा थोडा मतभेद आहे. लांबलचक गेमवर राग काढण्यात अर्थ नाही. मी 'एल्डन रिंग' जवळजवळ दीड वर्ष, आठवड्याला तीन तास या गतीने खेळलो. त्यात कोणी दिलेली कामे नोंदवून ठेवणारी यादीच नाही, म्हणून मी शंभर पानी वही केली: कोण कुठे भेटला, काय म्हणाला, कोणते दार बंद होते. लहानपणी आपण असेच खेळायचो. विसरण्याचा दोष सगळाच गेमच्या माथी मारू नये.

कृष्णाकाठ

वहीची सूचना मान्य आहे, आणि दर्यावर्दी साहेबांनीही तीच केली आहे. पण मी रात्री खेळत असताना धाकटी झोपेतून उठून पाणी मागते, तेव्हा तुमच्या त्या गेममध्ये थांबण्याची काय सोय आहे?

मोठा पसारा

थांबण्याचे बटण नाही, हे कबूल करावे लागेल. शत्रू नसलेल्या जागी उभे करून जायचे. मुले लहान असतील तर माझा सल्ला मागे घेतो.

खडूफळा

थोडे वेगळे सुचवू का? वहिनींनाही बरोबर घेता येत असेल तर हेझलाइटचा 'इट टेक्स टू' पाहा, २०२१ चा आहे. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघेच लागतात, आणि प्रत्येक टप्प्यावर दोघांच्या हातात वेगवेगळी साधने असतात, म्हणजे एकाकडे हातोडा तर दुसऱ्याकडे खिळे. आम्ही उभयतांनी तो शनिवारी-शनिवारी खेळून तीन महिन्यांत संपवला, आणि खंड पडण्याचा प्रश्न आला नाही, कारण नवा टप्पा आला की दोघांनाही पहिल्यापासूनच शिकावे लागते. आमच्या ह्यांनी कंट्रोलर प्रथमच हातात घेतला होता. उजव्या काडीने कॅमेरा वळवणे जमायला त्यांना पहिले दोन शनिवार लागले आणि तेवढ्या काळात माझा संयम संपत आला होता. कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईबापांची आहे, तेव्हा लहान मुलांना शेजारी बसवण्याआधी विचार करावा. त्यातला कापडी हत्तीचा प्रसंग तर मला स्वतःला पाहवला नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मंडळी, आता विसर्जन होऊन आठवडा झाला आहे आणि मी धागा सुरू केल्यालाही दोन महिने होऊन गेले, तेव्हा काय झाले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे.

सर्वांत आधी 'वेन्बा' घेतला. दोन रात्रींत संपला. दुसऱ्या रात्री सौभाग्यवती शेजारी येऊन बसल्या आणि शेवटची वीस मिनिटे आम्ही दोघेही काही बोललो नाही. अर्धी चाळ यांचे किमतीविषयीचे म्हणणे मला पटते आणि तरीही पैसे वाया गेले असे वाटत नाही, ही विसंगती मी तशीच ठेवतो.

मग 'हेडिस'. 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, ही सोय भाच्याने दाखवून दिली होती आणि मी तिचा उपयोग केला. गेम उत्तम आहे, दोष माझ्या अंगठ्यांचा आहे. दिवसभर पडद्याकडे पाहून आलेल्या डोळ्यांना एवढ्या ठिणग्या आणि एवढी घाई सोसत नाही. 'बलात्रो' फोनवर घेतला, नऊ दिवसांनी काढून टाकला. कारण बांधावरून यांनी लिहिलेच आहे.

'चँट्स ऑफ सेनार' मात्र तंतोतंत माझा निघाला. तो निम्म्यावर असताना घरी गणपती आला, पाहुणे आले, तेरा दिवस लॅपटॉप उघडला नाही. परत बसलो तेव्हा एका बाजारातल्या पाटीसमोर उभा होतो, पाटीवर पाच चिन्हे होती आणि त्यांतल्या चौघांवर माझेच शब्द लिहिलेले होते. चौथे चिन्ह मी तेव्हा 'विकणे' असे का लिहिले असावे याचा विचार करता करता ते चूक असल्याचे लक्षात आले, आणि मी अडकलो होतो ते त्यामुळेच, हेही कळले. इथे खंड पडल्याचा फायदाच झाला. खडूफळा ताई, पहारेकऱ्यांच्या प्रसंगांबद्दल तुम्ही म्हणालात ते खरे आहे, मी एका ठिकाणी सलग सात वेळा पकडला गेलो.

'ओब्रा डिन' दिवाळीसाठी ठेवायचा होता. नुसते सुरू होते का पाहावे म्हणून एका रविवारी दुपारी लावला आणि संध्याकाळच्या चहाला हाक आली तेव्हा एकवीस जण पक्के झाले होते. तेवढ्यावरच थांबलो आहे. मुलाची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही घेतली आहे, त्यात गलबताचे चारही मजले काढून कोण कुठे दिसला हे पेन्सिलीने मांडले आहे, आणि उरलेले एकोणचाळीस लक्ष्मीपूजनानंतर. दर्यावर्दी साहेब, तोपर्यंत तुमच्या त्या 'शेजाऱ्यांवरून ओळखलेल्या' खलाशाबद्दल इथे आणखी एक अक्षरही लिहू नये, ही हात जोडून विनंती.

दर्यावर्दी

लिहीत नाही. फक्त यादीतले मुलूख नीट वाचा.

कृष्णाकाठ

हेसुद्धा सांगायला नको होते.